डोह आणि दहरा

बदलीच्या नोकरीत केस पिकलेल्या माणसाला आपल्याकडे ‘बारा गावचे पाणी प्यालेला’ असे म्हणतात. म्हणणाऱ्याचा हेतू स्तुतीचा असो वा टोमण्याचा, वस्तुस्थिती त्यात बरोबर पकडली आहे. आपण गावोगावचे पाणी पितो. त्यात उतरत मात्र नाही. नव्या ठिकाणी रुजू होताना घर, मुलांची शाळा आणि पाणी या तीन गोष्टींची चौकशी आपण हटकून करतो. परंतु ‘इथले पाणी मानवते का हो?’ असे विचारताना डोळ्यांपुढे नळ असतो, फार तर विहीर. गावाच्या कडेने वाहणारी नदी त्या चौकशीत बसत नाही. ती पुलावरून पाहावी, पाहुण्यांना दाखवावी, आणि पुढे बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे गाडीच्या खिडकीतून तिला एक नमस्कार करावा, एवढाच तिचा आपला संबंध.

माझ्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच चमत्कारिक म्हणावी लागेल. कारण माझी नोकरीच मुळी पाणी मोजण्याची आहे. नदीची पातळी, तिचा वेग, पात्राच्या काटछेदाचे क्षेत्रफळ, आणि या सर्वांवरून दर सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहून गेले याचा हिशेब, हे आकडे मी बावीस वर्षे लिहीत आलो आहे. वैनगंगा झाली, नर्मदा झाली, आणि गेली तीन वर्षे महानदी चालू आहे. एवढ्या काळात पोहण्यासाठी म्हणून मी एकाही नदीत उतरलो नव्हतो. लहानपणी कऱ्हाडला, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर, पाठीला वाळका भोपळा बांधून हातपाय मारले होते, तेवढीच काय ती पुंजी.

सध्या आमचे बिऱ्हाड अभनपूरला आहे. रायपूरहून दक्षिणेस धमतरीकडे निघाले की हे गाव लागते. १९०० साली येथून अडीच फुटी रुळांची छोटी गाडी धावू लागली. तिचा एक रस्ता धमतरीला जाई आणि अभनपूरला फुटलेला फाटा राजिमकडे वळे. ती गाडी आता इतिहासजमा झाली, आणि ३० मार्च २०२५ पासून रायपूरहून अभनपूरपर्यंत मोठ्या मापाच्या रुळांवरची गाडी येऊ लागली आहे. गावाभोवती जिकडे पाहावे तिकडे भाताची खाचरे, मधून मधून तळी. तळ्याला येथे ‘तरिया’ म्हणतात, आणि गावचे अर्धे जीवन त्याच्या काठावर चालते. धमतरीजवळच्या रुद्रीहून निघणाऱ्या महानदीच्या कालव्यांचे पाणी या मुलखाला मिळते. या पाण्याने इतिहासही घडविला आहे. १९२० साली धमतरीजवळच्या कंडेल गावच्या शेतकऱ्यांनी कालव्याच्या पाण्यावरून लादलेल्या दंडाविरुद्ध सत्याग्रह केला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात महात्मा गांधी रायपूर-धमतरीला येऊन गेले.

मराठी माणसाला हा मुलूख परका वाटू नये, असे म्हणायला कागदोपत्री पुरावा पुष्कळ आहे. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर ही एकाच प्रांतातली शहरे होती. माधवराव सप्र्यांसारख्या मराठी घरात जन्मलेल्या माणसाने १९०० साली पेंड्ऱ्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले आणि पुढे दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेले. ही नावे आपण मंडळाच्या सभांतून अभिमानाने घेतो. पण सप्रे या भूमीच्या भाषेत उतरले होते. आपण बहुधा काठावरच्या खुर्चीत बसून त्यांच्याविषयी भाषण करतो.

अभनपूरहून राजिम अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. महानदी, पैरी आणि सोंढूर या तीन नद्या तेथे एकत्र येतात. काठावर राजीवलोचनाचे प्राचीन देऊळ आहे, जगपालाचा इ. स. ११४५ चा शिलालेख त्याच्या भिंतीत आहे. ऐन पात्रात उंच चौथऱ्यावर कुलेश्वर महादेव बसला आहे. माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत येथे मोठी यात्रा भरते. माझे कामाचे जाणे या संगमावर नित्याचे असते.

राजिमला एक लोककथा सांगतात. पूर आला म्हणजे नदीतला कुलेश्वर ओरडतो, ‘मामा, मी बुडतो आहे, वाचव!’ काठावर मामाचे देऊळ आहे. पुराचे पाणी मामाच्या पायांना लागले की पूर ओसरू लागतो. म्हणून या बाजूला मामा आणि भाचा कधी एका होडीत बसत नाहीत. नावाडीच त्यांना बसू देत नाहीत. छत्तीसगडात भाच्याचे मोठेपण काही वेगळेच आहे. हा प्रदेश म्हणजे दक्षिण कोसल, कौसल्येचे माहेर, अशी येथील श्रद्धा असल्यामुळे राम हा साऱ्या मुलखाचा भाचा ठरतो, आणि घरोघरचे मामा आपल्या भाच्यांच्या पाया पडतात. मोठ्या माणसाने लहान पोराच्या पायांना हात लावलेला पाहून नवा आलेला मराठी माणूस प्रथम संकोचतो आणि मग हळूहळू त्याला त्यातली गोडी कळते.

ही मामा-भाच्याची कथा मी घरी प्रथम सांगितली तेव्हा माझी पत्नी उठून आत गेली होती. तिचा एकुलता एक भाऊ २००६ च्या श्रावणात सह्याद्रीतल्या एका धबधब्याखालच्या डोहात बुडाला. वय एकोणीस. मित्रांबरोबर सहलीला गेला होता आणि उत्तम पोहणारा होता. तेव्हापासून भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळते. आमची मुलगी त्यानंतरची. आता बारा वर्षांची आहे. मामाचे छायाचित्र तिने पाहिले आहे, मामा पाहिलेला नाही. तिला पोहायला शिकवायचे हा विषय आमच्या घरात निघत नसे. शेवटी रायपूरच्या तरणतलावात, चार फूट निळ्या पाण्यात, जिवरक्षक काठावर उभा असताना तिला पोहण्याची परवानगी मिळाली. नदी, नाला, तळे यांच्या वाटेला जायचे नाही, हा नियम अबाधित होता. त्याविषयी मी कधी वाद घातला नाही. ज्या घरात असे दुःख येऊन गेले, तेथे युक्तिवादाला फारशी जागा नसते.

तो नियम गेल्या कार्तिकात कसा शिथिल झाला, तेच येथे सांगायचे आहे.

राजिमच्या वर, पैरीच्या खोऱ्यात गरियाबंदचे जंगल सुरू होते. १ जानेवारी २०१२ पासून गरियाबंद हा स्वतंत्र जिल्हा आहे. त्यापूर्वी तो रायपूर जिल्ह्याचाच भाग होता. दक्षिणेकडे उदंती आणि सीतानदी यांचा व्याघ्रप्रकल्प आहे. तेथे पाण्यात उतरण्याचा प्रश्नच नाही. पाणी जनावरांचे असते. परंतु त्याच्या बरेच अलीकडे, उत्तरेला, गावाच्या राखणीतल्या जंगलात एका लहानशा गावची वन प्रबंधन समिती हिवाळ्यात पाहुण्यांना दोन रात्री राहुटीत ठेवते आणि गावचाच वाटाड्या बरोबर देऊन नाल्यातल्या डोहांत पोहण्यास नेते, असे कचेरीतल्या एका सहकाऱ्याकडून कळले. गावाचे नाव मी मुद्दामच देत नाही. जतमई आणि घटारानी हे या भागातले धबधबे प्रसिद्ध झाले आणि पावसाळ्यात तेथे पाण्यापेक्षा माणसांचीच धार मोठी दिसू लागली. या डोहावर ती पाळी येऊ नये.

आमच्यापैकी काही वाचकांना राहुटी म्हटल्याबरोबर जुन्या मध्यप्रांतातले साहेबांचे हिवाळी दौरे आठवतील. दिवाळी झाली की बैलगाड्यांवर तंबू लादून अंमलदार जिल्ह्यात निघत, आणि गाव त्यांच्या पुढे हात जोडून उभे राही. आमच्या या मुक्कामात पारडे नेमके उलट होते. हुकूम गावाचा, आम्ही आठ पाहुणे मुकाट्याने ऐकणारे. नियम निघण्यापूर्वीच कळविण्यात आले होते: साबण नाही, काचेची बाटली नाही, दारू नाही, गाणी वाजविण्याचे यंत्र नाही, पाण्यात उडी मारायची नाही, एका वेळी दोघांहून अधिकांनी उतरायचे नाही, आणि ‘सियान’ सांगेपर्यंत पाण्याला पाय लावायचा नाही. सियान म्हणजे गावचा जाणता, वडीलधारा. हा शेवटचा नियम पत्नीने दोनदा वाचला आणि म्हणाली, “मीही येते. पण मुलीने उतरायचे की नाही ते मी तिथे ठरवीन.”

आम्ही निघालो. राजिमपासून गरियाबंदपर्यंतचा रस्ता पैरीच्या संगतीने वर चढतो. कापणीला आलेली भाताची शेते मागे पडली, आणि साल, तेंदू, बीजा, मोह यांची गर्दी सुरू झाली. ज्या नदीचे आकडे मी रोज खाली बसून लिहितो, तिच्या उगमाकडे जात असताना मला एखाद्या परिचित गृहस्थाच्या आजोळी प्रथमच चालल्यासारखे वाटत होते.

राहुट्या पाच होत्या, नाल्यापासून चांगल्या उंचावर. इतक्या उंचावर का, असे एकाने विचारले तेव्हा समितीचा तरुण चिटणीस हसून म्हणाला, की पाऊस इथे पडावाच लागत नाही. वर डोंगरात पडला तरी पुरतो. संध्याकाळी पळसाच्या पानांत थापलेली अंगाकर रोटी निखाऱ्यांत भाजली गेली. तिच्याबरोबर भाजलेल्या टमाट्याची चटणी. शेजारच्या कमार वस्तीतली मंडळी बांबूच्या टोपल्या घेऊन आली होती. श्यामाचरण दुबे यांनी १९५१ साली ज्यांच्यावर ग्रंथ लिहिला, तेच हे कमार. तो ग्रंथ नागपूरला असताना मी ग्रंथालयात पाहिला होता. त्यातली माणसे समोर शेकोटीशी बसलेली पाहून पुस्तकातल्या ज्ञानाचा थोडा संकोचच वाटला.

सियान गोंड होता. वय पन्नाशीच्या पुढचे, अंगाने काटक, बोलणे कमी. शेकोटीपाशी बोलता बोलता त्याने पाण्याची नावे सांगितली. वाहता ओहोळ तो ‘नरवा’, वाळू उकरून पाणी झिरपू द्यायचे ती ‘झिरिया’, आणि नदीनाल्यात जेथे पाणी खोल, संथ, काळसर होते तो ‘दहरा’. दहरा हा शब्द ऐकताच मी दचकलो. आपला डोह आणि त्यांचा दहरा! कालिया ज्यात राहिला तो डोह, तुकोबांच्या वह्या ज्यात गेल्या तो इंद्रायणीचा डोह. मराठी माणसाच्या मनात डोह या शब्दाभोवती नेहमीच भय आणि भक्ती एकत्र वावरतात. आपल्याकडे प्रत्येक डोहाला साती आसरा असतात. मी हे सांगितले तेव्हा सियान म्हणाला, “हमर इहाँ सतबहिनिया.” त्यांच्याही सातच बहिणी. सह्याद्रीतल्या आणि गरियाबंदच्या पाण्याला एकाच माहेरच्या मुली राखतात हे ऐकून पत्नीने प्रथमच संभाषणात मान वर केली. तिने विचारले, “यहाँ कोई डूबा है?” सियानने आढेवेढे न घेता सांगितले, “एक झन. बाहिर के रहिस. रात कन, पी के.” बाहेरगावचा एक जण, रात्रीच्या वेळी, पिऊन. या सरळ उत्तराने तिच्या मनातली भीती वाढेल असे मला वाटले होते. घडले उलटेच. राहुटीत शिरताना ती म्हणाली, “या माणसाने लपविले नाही.”

सकाळी धुके निवळल्यावर आम्ही नाल्याने वर चालू लागलो. मी सियानला म्हटले, की मुख्य पैरीत डोह अधिक मोठे असतील, तेथे का नेत नाही? त्यावर त्याने बोटाने वर दाखवून एकच शब्द उच्चारला, “सिकासार.” मी समजलो. पैरीवर वर सिकासारचे धरण आहे. धरणाखालच्या नदीचा भरवसा ऋतूवर नसतो, दारे उघडणाऱ्या हातावर असतो. आकाश निरभ्र असताना पाणी कमरेवरून गळ्यापर्यंत येऊ शकते. हे मला आकड्यांनी ठाऊक होते. त्याने त्यावरून आपली वाट ठरविली होती.

डोह दिसला. दोन्ही बाजूंना काळे, गुळगुळीत झालेले खडक, वरच्या अंगाला हातभर उंचीची धार, आणि मध्ये वीस-पंचवीस पावलांचे हिरवट पाणी. असे डोह कसे होतात हे सांगणे सोपे आहे. पावसाळ्यात पाणी पायरीवरून जोराने कोसळते, पायथ्याचा मऊ भाग खरवडते. वाहत आलेले गोटे खळग्यात अडकून गरगर फिरतात आणि जात्याप्रमाणे खडक दळतात. नगर जिल्ह्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे असेच झाले. पावसाळा सरल्यावर पाण्याचा जोर जातो, गाळ खाली बसतो, आणि जंगलाच्या मातीने साठविलेले पाणी सावकाश पाझरत राहून डोह जिवंत ठेवते. कार्तिक हा म्हणूनच डोहाचा खरा महिना. भाद्रपदात पाणी गढूळ आणि खवळलेले असते, वैशाखात ते शिळे होते.

सियानने आम्हांला दहा हातांवर थांबविले. कमरेच्या फडक्यातून मूठभर लाह्या काढल्या, काहीतरी पुटपुटला आणि धारेच्या खाली पाण्यावर उधळल्या. आमच्यातल्या एकाने भक्तिभावाने हात जोडले. मी मात्र सियानच्या डोळ्यांकडे पाहत होतो. ते मिटलेले नव्हते. लाह्या कोठे वेगाने निघाल्या, कोठे रेंगाळल्या, उजव्या खडकाखाली कशा गोल फिरत राहिल्या आणि त्यांतल्या काही कशा खाली ओढल्या गेल्या, हे तो एकटक न्याहाळीत होता. माझ्या अंगावर काटा आला. पुराच्या वेळी यंत्र पाण्यात सोडता येत नाही, तेव्हा आम्हीही हेच करतो. पृष्ठभागावर फ्लोट सोडतो, ठरावीक अंतर तो किती वेळात काटतो ते पाहतो, आणि त्या वेगाला ०.८५ च्या आसपासच्या गुणकाने गुणून खालच्या प्रवाहाचा अंदाज बांधतो. सतबहिनियांची पूजा आणि प्रवाहाचे मापन या दोन क्रिया त्याच्या हातून एकाच मुठीने झाल्या होत्या. यातली एक आधी आणि दुसरी नंतर, किंवा एक खरी आणि दुसरी देखाव्याची, असे सांगण्याची माझी प्राज्ञा नाही.

मग त्याने गाठी असलेला लांब बांबू घेऊन तळ चाचपला. कोठे वाळू, कोठे दगड, कोठे पोकळ कपार, हे तो बांबूच्या आवाजावरून सांगत गेला. पाण्याच्या वासावरून, वाहत येणाऱ्या पाल्यापाचोळ्यावरून वर पाऊस झाला आहे की नाही ते ओळखता येते, हे त्याने सांगितले. उजवा खडक वर्ज्य ठरला. “पहिली पानी ल देख, तेखर पाछू उतर,” तो म्हणाला. आधी पाण्याला पाहा, मग उतर.

माझा एक भाचा ऑस्ट्रेलियात डार्विनला असतो. त्याने एकदा लिहिले होते, की तिकडे लिचफील्ड आणि काकाडूच्या रानात अशाच नैसर्गिक डोहांत लोक पोहतात. पण दर वर्षी पावसाळ्यानंतर रक्षक मंडळी आधी मगरींचा तपास करतात, आणि पाणी सुरक्षित ठरल्याशिवाय ते खुले करीत नाहीत. जगात जेथे जेथे माणूस रानातल्या पाण्यात सुखाने उतरतो, तेथे त्याच्या आधी कोणीतरी जाणत्याने ते पाणी वाचलेले असते. धबधब्यांवरच्या दुर्घटनांच्या बातम्या दर श्रावणात आपण वाचतो. त्या पाण्याची माहिती असलेला माणूस बहुधा जवळच्याच गावात असतो. त्याला कोणी विचारलेले नसते, इतकेच.

पहिल्यांदा मी उतरलो. पाण्याचा वरचा वीतभर थर उन्हाने कोमट होता. त्याखाली पाय गेले आणि थंडीने श्वास अडकला. दोन हात मारले, तिसरा मारला, आणि शरीराने चाळीस वर्षांपूर्वीचा धडा आपण होऊन म्हणायला सुरुवात केली. आजवर मी पाण्याला उंची, रुंदी, वेग एवढ्या नावांनी ओळखत होतो. त्याला वजन असते, त्याला आपल्याला उचलून धरता येते, हे मी विसरूनच गेलो होतो. उताणा होऊन पाहिले तर सालाच्या फांद्यांमधून निळ्या आकाशाची पट्टी वाहत होती.

बाहेर आलो तेव्हा मुलगी आईच्या शेजारी उभी होती. एक शब्द बोलत नव्हती; पण तिच्या पायांची बोटे ओल्या खडकावर चाळवत होती. पत्नी पाण्याकडे पाहत होती. मग तिने सियानला आपल्या मोडक्या हिंदीत सांगून टाकले, की माझा भाऊ अशाच दहऱ्यात गेला. या मुलीचा मामा.

सियान काही वेळ गप्प राहिला. समाधानाचे शब्द त्याने उच्चारले नाहीत. हातातला बांबू खाली ठेवून तो पुढे आला, वाकला, आणि मुलीच्या पायांना हात लावून तो त्याने कपाळाला लावला. “तोर मामा त मैं हँव, नोनी,” तो म्हणाला. तुझा मामा मी आहेच की. मुलगी गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. पत्नीच्या डोळ्यांना धार लागली; पण त्या अवस्थेतही तिला राजिमची कथा आठवली असावी, कारण ती एकदम म्हणाली, “पण इथे मामा-भाचे एका होडीत बसत नाहीत ना?”

“डोंगा म नइ बइठँय,” सियान गंभीरपणे उत्तरला, “इहाँ डोंगा कहाँ हे?” होडीत बसत नाहीत, इथे होडी आहे कुठे?

सगळे हसले. पत्नीही हसली, आणि हसता हसताच तिने मुलीचा हात सोडला.

त्यानंतरचा अर्धा तास मी काठावर बसून होतो. सियान छातीइतक्या पाण्यात उभा, मुलगी त्याच्या पसरलेल्या हातांवर उताणी. “डर्रा झन,” एवढेच तो मधून मधून म्हणत होता, भिऊ नकोस. ती भीत नव्हती. तरणतलावातल्या पाण्याहून हे पाणी वेगळे आहे, ते हलते आहे, हे तिला समजत होते आणि त्याच्याशी ती जुळवून घेत होती. हात काढून घेतले तेव्हा तिला ते कळलेही नाही. धारेपासून वाळूच्या काठापर्यंत ती एकटी तरंगत आली. एकदा उजव्या खडकाकडे कल झाला, तेव्हा सियानचा आवाज चढला, “ओती झन जाबे!” आणि ती वळली. त्या एका क्षणी पत्नीने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत होते. दुपारी तीही गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. पुढे गेली नाही. कोणी आग्रहही केला नाही.

दुसऱ्या रात्री शेकोटीपाशी दिवाळीच्या करंज्यांचा डबा उघडला. सर्वांना एकेक करंजी देऊन झाल्यावर पत्नीने उरलेला डबाच सियानपुढे ठेवला. ओवाळणी नव्हती, तबक नव्हते, कोणी काही बोलले नाही. त्याने डबा उचलला, चिटणीस तरुणाकडे पाहिले आणि म्हणाला, की हा माझा, समितीचा नव्हे.

परतल्यावर मी नेहमीप्रमाणे राजिमला गेलो. पातळी वाचली, आकडा लिहिला. नोंदवहीत वर्णनाचा रकाना नसतो, आणि नसावाच. पाण्याच्या मोजणीत भावना मिसळल्या तर खालच्या गावांना पुराची सूचना वेळेवर मिळणार नाही. तरीही त्या दिवसापासून आकडा लिहिताना तो कोठून आला ते मला दिसते. वरच्या एका दहऱ्यातून माझ्या मुलीच्या अंगावरून गेलेले पाणी दोन-तीन दिवसांनी माझ्या मोजपट्टीवरून गेले असेल, असा हिशेब मी एकदा मांडूनही पाहिला. तो कोणत्याही अहवालात जाणार नाही.

परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना एक खंत नेहमी असते, की मुलांना गाव राहिले नाही. सुटीत आपण त्यांना कऱ्हाडला, वाईला, रत्नागिरीला नेतो आणि हे आपले गाव म्हणून दाखवितो. ती बिचारी शिष्टाचाराने मान डोलवितात. आणि जेथे ती खरोखर वाढतात, तेथल्या मातीला आणि पाण्याला त्यांनी हात लावू नये अशी व्यवस्था आपणच करतो. कारण उद्या बदली व्हायची आहे. गाव माणसाला वारसाने मिळते हे खरे. पण ते नात्यानेही मिळते, आणि नाते जोडणारा बहुधा तेथला एखादा जाणता माणूस असतो. त्याच्यापाशी आपण काही मागायला गेले पाहिजे, आणि तो सांगेपर्यंत काठावर थांबायची तयारी पाहिजे. हुकूम देण्याची सवय जडलेल्या आपल्या वर्गाला यातले दुसरे कलम थोडे अवघड जाते.

माझी येथली तीन वर्षे भरली आहेत. हुकूम केव्हाही येईल. तूर्त इतके सांगतो, की दर रविवारी सकाळी आमची मुलगी शेजारच्या मुलींबरोबर अभनपूरच्या तरियावर पोहायला जाते. तिची आई बरोबर असते. घाटाच्या पायरीवर उभी राहून ती आधी पाण्याकडे नीट पाहते, काठावर कपडे धूत असलेल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला आजचे पाणी कसे आहे ते विचारते, आणि मग मुलीला म्हणते, “जा.”